ब्रिटिश टीव्हीवरचे कृष्णवर्णीय कलाकार: चेहरे कधी आले, अधिकार कधी आला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "हल्ली ब्रिटिश मालिकांमध्ये कृष्णवर्णीय कलाकार सगळीकडे दिसतात. हा बदल ओटीटी आल्यावर, गेल्या दहा वर्षांतच झाला का? आणि तो मनापासून झालाय, की टीका टाळण्यापुरता?" पुण्यात मास कम्युनिकेशन शिकताना प्रबंधासाठी तुम्ही हे विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी लंडनच्या टीव्ही स्टुडिओंमध्ये अनेक वर्षं लायटिंग केलं. त्यामुळे माझं उत्तर कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचं आहे, समीक्षकाचं नाही.

कृष्णवर्णीय चेहरा ब्रिटिश टीव्हीवर अगदी पहिल्या दिवसापासून आहे. कमी होता तो शब्दाला मान. गोष्ट कोणती सांगायची, मालिका चालू ठेवायची की गुंडाळायची, हे ठरवण्यात त्या माणसांना जागा नव्हती. ती जेव्हा जेव्हा मिळाली तेव्हा पडद्यावरचं चित्र बदललं, आणि ती गेली की चित्र परत मागे सरकलं. म्हणून प्रबंधात या इतिहासाचा सरळ वर चढत जाणारा आलेख कृपा करून काढू नका. तसा तो नाही.

२ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीनं उत्तर लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टीव्ही प्रक्षेपण सुरू केलं. त्याच दिवशी बक आणि बबल्स ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय जोडी कॅमेऱ्यासमोर होती. एक पियानो वाजवणारा, दुसरा टॅप नाचणारा. युद्धाआधीच्या त्या थोड्या वर्षांत एलिझाबेथ वेल्च, ॲडलेड हॉल यांच्यासारख्या गायिकाही तिथे आल्या. एकाहून एक सरस कलाकार, पण सगळे गाण्यानाचण्यापुरते बोलावलेले पाहुणे. घरातलं माणूस म्हणून कोणी नव्हतं.

युद्धानंतरच्या काळातलं एकच नाव नीट समजून घ्यायचं असेल तर साय ग्रँट यांचं घ्या. जन्म ब्रिटिश गयानातला. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये नॅव्हिगेटर. १९४३ मध्ये त्यांचं विमान हॉलंडवर पाडलं गेलं आणि पुढची दोन वर्षं जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत गेली. सुटून आल्यावर कायदा शिकले, १९५० मध्ये बॅरिस्टर झाले. पण लंडनमध्ये त्यांना वकिली करायला दार कोणी उघडेना, म्हणून पोटासाठी रंगभूमीकडे वळले. १९५७ मध्ये बीबीसीनं 'टुनाइट' हा संध्याकाळचा कार्यक्रम सुरू केला. त्यात दिवसभरातल्या एखाद्या बातमीवर बर्नार्ड लेव्हिन शब्द लिहून द्यायचे आणि ग्रँट ते गिटारवर कॅलिप्सो या कॅरिबियन लोकगीताच्या चालीत गायचे. ब्रिटिश टीव्हीवर नियमित दिसणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस म्हणून त्यांचंच नाव घेतात. सगळा देश त्यांना ओळखायला लागला.

अडीच वर्षांच्या आसपास हे चाललं आणि ग्रँट स्वतःहून बाहेर पडले. कॅलिप्सोवाला एवढीच ओळख चिकटून राहील, ही भीती त्यांना होती, आणि ती रास्त होती. लढाऊ विमानदलातला अधिकारी, बॅरिस्टर, कसलेला नट. टीव्हीनं त्यांच्याकडून घेतलं काय, तर दुसऱ्यानं लिहिलेली चार कडवी. १९६७ मध्ये 'कॅप्टन स्कार्लेट' या बाहुल्यांच्या विज्ञानमालिकेत लेफ्टनंट ग्रीनला त्यांनी आवाज दिला. हुशार, जबाबदारीच्या पदावरचा कृष्णवर्णीय माणूस तेव्हाच्या टीव्हीवर होता, पण बाहुलीच्या रूपात. पुढे १९७४ मध्ये कृष्णवर्णीय कलाकारांना स्वतःचं व्यासपीठ हवं म्हणून त्यांनी लंडनमध्ये ड्रम आर्ट्स सेंटर उभारलं. काम मागत फिरण्यापेक्षा काम देणारी जागा हवी, हे त्या पिढीनं फार लवकर ओळखलं होतं. पर्ल कॉनर यांनी नवरा एड्रिक कॉनर यांच्यासोबत १९५६ मध्ये कृष्णवर्णीय नटांसाठी एजन्सी काढली, तीही त्याच जाणिवेतून. दोघे त्रिनिदादचे. निर्मात्यांचं "असे नट मिळतच नाहीत" हे कारण पर्लबाईंनी नावांची यादी समोर ठेवून खोडून काढलं.

आता नाटकांकडे या. त्या काळी टीव्हीवर नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची आणि त्यांत धाडस बरंच होतं. १९५६ च्या 'अ मॅन फ्रॉम द सन' मध्ये लंडनला आलेल्या कॅरिबियन स्थलांतरितांची गोष्ट होती. १९५९ मध्ये आयटीव्ही या खाजगी वाहिनीवर 'हॉट समर नाइट' आलं: जमैकन तरुण आणि कामगार संघटनेच्या गोऱ्या नेत्याची मुलगी. १९६२ मध्ये आयटीव्हीच्याच ग्रॅनाडा या कंपनीनं जमैकाचे बॅरी रेकॉर्ड यांचं 'यू इन युअर स्मॉल कॉर्नर' दाखवलं. त्यात त्यांचे भाऊ लॉईड रेकॉर्ड आणि गोरी नायिका यांचं चुंबन होतं. अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक'च्या ज्या चुंबनाचा जगभर गवगवा होतो ते १९६८ चं. ग्रॅनाडाचं हे नाटक २०१५ च्या सुमारास ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहातून पुन्हा पुढे आलं, तोवर बहुतेकांच्या विस्मरणात गेलेलं. स्वतःचा इतिहास इतका विसरता येतो, हे मला फार लागतं.

धाडस होतं म्हणजे जागा पक्की होती असं नाही. 'इमर्जन्सी वॉर्ड १०' या रुग्णालयाच्या मालिकेत १९६४ मध्ये जोन हूली यांनी सर्जनची भूमिका केली. एका गोऱ्या डॉक्टरशी प्रेमप्रकरण आणि चुंबन दाखवल्यावर वाद झाला. थोड्याच काळात त्या पात्राला आफ्रिकेत पाठवलं आणि तिथे साप चावून मारून टाकलं. १९६५ च्या जानेवारीत बीबीसीनं 'फेबल' नावाचं नाटक बसवलं. त्यात ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीयांची सत्ता आहे आणि गोऱ्यांना पास दाखवून फिरावं लागतं, असं उलटं चित्र होतं. लेटनच्या पोटनिवडणुकीवर परिणाम होईल म्हणून त्याचं प्रक्षेपण आठवडाभर पुढे ढकललं. बातमीदारीतही तेच. बार्बरा ब्लेक हॅना या जमैकन पत्रकार १९६८ मध्ये थेम्स टेलिव्हिजनच्या पडद्यावर आल्या. प्रेक्षकांच्या तक्रारी येत राहिल्या आणि वर्षाच्या आत त्यांना जावं लागलं.

या सगळ्या काळात एक कार्यक्रम मात्र अढळ होता. 'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' १९५८ ते १९७८ असा वीस वर्षं बीबीसीवर चालला. गोरे गायक तोंडाला काळं फासून, डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती पांढरं ठेवून, अमेरिकेच्या दक्षिणेतली जुनी गाणी म्हणायचे. आमच्या धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगतो. कृष्णधवल प्रक्षेपणाच्या दिवसांत काळा रंग कॅमेऱ्यात नीट उठत नसे, म्हणून प्रत्यक्षात तो मेकअप लाल असायचा. म्हणजे खऱ्या माणसाच्या कातडीशी त्याचा काही संबंधच नव्हता. ते गोऱ्या प्रेक्षकासाठी बनवलेलं सोंग होतं. या कार्यक्रमाला १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रो टीव्ही महोत्सवाचा 'गोल्डन रोज' मिळाला आणि भरात असताना त्याचा प्रेक्षकवर्ग दोन कोटींच्या घरात होता.

विरोध झाला नाही असं समजू नका. वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या 'कार्ड' या संघटनेनं १९६७ मध्ये बीबीसीकडे निवेदन दिलं. त्याआधी खुद्द बीबीसीचे मुख्य लेखापाल बॅरी थॉर्न यांनी हा प्रकार अपमानकारक आहे असं वरिष्ठांना लेखी कळवलं होतं. निवेदनानंतर त्यांनी पुन्हा लिहिलं. त्यावर डायरेक्टर जनरलच्या कार्यालयातून वरिष्ठ अधिकारी ऑलिव्हर व्हिटली यांचं उत्तर आलं. त्याचा आशय असा की कृष्णवर्णीयांच्या हितचिंतकांनी त्यांना एवढंच सांगावं: मुद्दा समजतो, पण तुमच्याच भल्यासाठी या विषयावर गप्प बसा. मी हे मुद्दाम सांगतोय. "त्या काळी कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही" हे वाक्य तुम्हाला पदोपदी ऐकवलं जाईल. ते खोटं आहे. वावगं वाटत होतं, लिहून कळवलं जात होतं, आणि ते वाचून बाजूला ठेवलं जात होतं. पुढे अकरा वर्षं कार्यक्रम चालला.

पुढे नामवंत विनोदी नट झालेले लेनी हेन्री यांची सुरुवातही याच वळणावर झाली. मध्य इंग्लंडमधल्या डडलीचा हा सोळा वर्षांचा मुलगा १९७५ मध्ये 'न्यू फेसेस' ही स्पर्धा जिंकला आणि त्यानंतर त्याला मिन्स्ट्रेलच्या रंगमंचावरच्या दौऱ्यात विनोदवीर म्हणून उभं केलं. काळं फासलेल्या गोऱ्यांमध्ये एकटा खरा कृष्णवर्णीय मुलगा. ते दिवस आपल्याला आतून किती बोचले, हे त्यांनी मोठेपणी अनेकदा जाहीरपणे सांगितलंय.

सत्तरच्या दशकातल्या विनोदी मालिकांबद्दल फार लिहीत नाही. 'लव्ह दाय नेबर' (१९७२ ते १९७६) घ्या. शेजारी राहणारं एक गोरं जोडपं आणि एक कृष्णवर्णीय जोडपं, आणि भागाभागातून शिव्यांचा मारा. निर्माते म्हणायचे की शेवटी फजिती गोऱ्या शेजाऱ्याचीच होते ना. होते. पण दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं शिवी तेवढी उचलायची. रुडॉल्फ वॉकर आणि नीना बेडन-सेम्पर यांनी त्यातही आपल्या पात्रांची शान राखली, हे त्यांचं कर्तृत्व. लिहिणारे दोघेही गोरे होते.

तुम्ही महाराष्ट्रातले, म्हणून इथे देवळालीची आठवण येते. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी तळावर युद्धकाळात सैनिकांच्या करमणुकीसाठी नाट्यपथक होतं, आणि जिमी पेरी त्या तळावर होते. त्या अनुभवावरून त्यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्याबरोबर 'इट एन्ट हाफ हॉट मम' (१९७४ ते १९८१) लिहिलं. त्यातला रंगी राम हा प्रमुख भारतीय माणूस साकारला मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं, कातडी रंगवून. बेट्स झाशीत जन्मलेले, त्यांना भाषा यायची, असं समर्थन केलं जातं. पण त्याच मालिकेत दिनो शफीक, बाबर भट्टी हे नट दुय्यम भूमिकांत उभे होते. म्हणजे नट मिळत नव्हते असं नव्हतं; मोठी भूमिका त्यांच्याकडे सोपवायची नव्हती. कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई कलाकारांचं दुखणं त्या काळात एकच होतं.

पहिला खरा फरक मला दिसतो तो 'एम्पायर रोड'मध्ये (१९७८-७९). त्याआधी 'द फॉस्टर्स' ही पूर्ण कृष्णवर्णीय कुटुंबावरची मालिका आली होती, पण ती अमेरिकन मालिकेवर बेतलेली. 'एम्पायर रोड' इथल्या मातीतली. लेखक गयानाचे मायकेल ॲबेन्सेट्स, निर्मिती बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्राची, आणि दुसऱ्या पर्वातल्या काही भागांचं दिग्दर्शन त्रिनिदादच्या होरेस ओव्हे यांचं. नॉर्मन बीटन यांचा घरमालक एव्हर्टन बेनेट, त्याचं दुकान, शेजारचे आशियाई, पोरांची प्रेमप्रकरणं. त्यात कोणी समस्या म्हणून येत नाही. माणसं आपसात भांडतात, पैशांवरून कुरकुरतात, एकमेकांची लग्नं जमवायला बघतात. दोन पर्वांनंतर बीबीसीनं ती बंद केली. कलाकार तयार होते, लेखक तयार होता, पण पुढच्या पर्वाचा निर्णय ज्या टेबलावर झाला तिथे त्यांच्यापैकी कोणी नव्हतं.

त्या टेबलावर कोणी बसलं की काय होतं याचं उत्तर पुढच्या दशकात मिळालं, आणि त्यात एक पुणेकर आहे. १९८१ मध्ये दक्षिण लंडनमधलं ब्रिक्स्टन, कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती, दंगलीत पेटलं. पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८२ ला, चॅनल फोर सुरू झालं. इतरांनी वाऱ्यावर सोडलेल्या प्रेक्षकांसाठी काम करणं हे त्याचं कायद्यानं ठरवलेलं कर्तव्य होतं, आणि त्यासाठी बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचा स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र कमिशनिंग एडिटर, म्हणजे कोणते कार्यक्रम करायचे हे ठरवून पैसे मंजूर करणारा माणूस होता. सू वुडफर्ड यांच्यानंतर १९८४ मध्ये त्या खुर्चीत फारुख धोंडी बसले आणि १९९७ पर्यंत राहिले. १९४४ साली पुण्यात पारशी घरात जन्म, वाडिया कॉलेजात शिक्षण, मग केंब्रिज, लंडनमध्ये शाळामास्तर, ब्रिटिश ब्लॅक पँथर्स आणि 'रेस टुडे' या वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या गटांत सक्रिय. विभागात येण्याआधी त्यांनी त्रिनिदादचे मुस्तफा माटुरा यांच्याबरोबर 'नो प्रॉब्लेम!' ही मालिका लिहिली होती. तिच्यावर कृष्णवर्णीय समाजातूनच कडक टीका झाली: आमची थट्टा करता म्हणून. मला तो वाद निरोगी वाटतो. एकच मालिका सगळ्या समाजाचं ओझं वाहत असते तोवर ती कोणालाच पटत नाही. मालिका वाढल्या की ओझं वाटलं जातं.

धोंडींच्या काळात आलेली 'डेस्मंड्स' (१९८९ ते १९९४) मी विद्यार्थ्यांना नेहमी बघायला सांगतो. ट्रिक्स वॉरेल हे सेंट लुशियात जन्मलेले लेखक. दक्षिण लंडनच्या पेकहॅममधलं केशकर्तनालय, तिथे मालक डेस्मंड अँब्रोज म्हणजे नॉर्मन बीटन, बायको शर्ली म्हणजे कार्मेन मन्रो. मोठा मुलगा बँकेत चढत चाललेला, धाकटा अभ्यासू. दुकानात दिवसभर ठाण मांडून बसलेला पोर्कपाय, आणि गाम्बियाचा मॅथ्यू, ज्याचं शिक्षण काही केल्या संपत नाही. डेस्मंडचं एकच स्वप्न: गयानाला परत जाऊन घर बांधायचं. शर्लीला ते मनातून नको, कारण तिची पोरं इथे आहेत. परदेशात राहणाऱ्या कुठल्याही मराठी घरात हा संवाद तुम्हाला जसाच्या तसा ऐकू येईल. विनोद कशावर, तर आफ्रिकन विरुद्ध कॅरिबियन कुरघोडीवर, बापलेकांच्या भांडणावर. गोरा माणूस काय म्हणेल याची चिंता त्या दुकानात कोणी करत नाही. मालिकेचे ७१ भाग झाले. १९९४ च्या डिसेंबरात, मालिका संपत आली असतानाच, बीटन वारले.

७१ हा आकडा लक्षात ठेवा. नट पात्रात मुरायला, लेखकाला हात बसायला, प्रेक्षकाला सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ मिळाला कारण मालिकेच्या बाजूनं उभा राहणारा माणूस पैसे मंजूर करणाऱ्या जागेवर होता. धोंडी गेल्यानंतर काही वर्षांत तो विभागच गुंडाळला गेला. "आता सगळेच विभाग विविधतेचा विचार करतील" असं सांगण्यात आलं. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही, हे कुठल्याही कार्यालयात काम केलेला माणूस सांगेल.

आता माझ्या कामाबद्दल लिहितो, कारण यावर मराठीत कोणी लिहिताना दिसत नाही. ब्रिटनमध्ये रंगीत टीव्ही १९६७ मध्ये आला. त्याच जुलैत बीबीसीचं 'टेस्ट कार्ड एफ' सुरू झालं. त्यात फळ्यासमोर बसलेली एक गोरी शाळकरी मुलगी आणि तिची बाहुली. मुलीचा फोटो घातला कारण माणसाच्या कातडीचा रंग बरोबर दिसतो का हे त्यावरून जोखायचं. म्हणजे "कातडीचा बरोबर रंग" म्हटल्यावर तांत्रिक माणसाच्या डोळ्यांसमोर जो चेहरा यायचा तो गोरा. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पण त्या सवयीत पिढ्या घडल्या.

स्टुडिओत त्याचा परिणाम कसा दिसतो बघा. स्वयंपाकघराचा सेट, भिंती फिकट क्रीम, टेबलाशी दोन नट: एक अगदी गोरा, एक गडद वर्णाची. चार कॅमेऱ्यांच्या विनोदी मालिकेत समोरून सपाट, मऊ उजेड टाकायची पद्धत, म्हणजे कोणत्याही कोनातून चेहरा दिसेल. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, गोऱ्या चेहऱ्यावरून लावलं की शेजारची नटी अंधारात जाते. डोळे आणि दात तेवढे उरतात, भावना हरवते. मग घाईत असलेला माणूस तिच्यावर आणखी एक दिवा सोडतो. तिला घाम फुटतो, मेकअपवाली पावडर थापते, पावडर तिच्या वर्णाची नसतेच, आणि चेहरा राखाडी पडतो. हे मी अनेक सेटवर पाहिलंय. निर्माता मॉनिटरकडे बघून म्हणतो, "हिचा चेहरा कॅमेऱ्याला पकडत नाही."

पकडतो. कामाची पद्धत बदलावी लागते. पहिली गोष्ट, भिंतीचा उजळपणा खाली आणा. सेट डिझायनरला आठवडाभर आधी सांगा की क्रीम नको, गडद हिरवा किंवा विटकरी घ्या. पांढरा शर्ट गोऱ्या नटाच्या अंगावरून काढा. गोऱ्या चेहऱ्यावरचा उजेड जाळी लावून कमी करा. गडद चेहऱ्यावर वाढवत बसू नका. गडद कातडी उजेड शोषते तशीच सुंदर परावर्तितही करते. म्हणून तिच्या बाजूनं मोठा, पसरट स्रोत ठेवा, त्याचं प्रतिबिंब गालाच्या हाडावर, कपाळावर उमटू द्या. पावडर कमी, मॉइश्चरायझर जास्त. केसांमागून हलका बॅकलाइट, म्हणजे कडा भिंतीत विरघळत नाही. यातलं काहीही महाग नाही. पण ते आधी ठरवावं लागतं, आणि आधी ठरवायला त्या बैठकीत कोणाला तरी हे माहीत असावं लागतं. मेकअपच्या खोलीतही तसंच. कृष्णवर्णीय नट्या स्वतःच्या फाउंडेशनची डबी पर्समध्ये घेऊन येताना आणि केस पदरच्या पैशानं बाहेरून विंचरून येताना मी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. त्यांच्या शेजारी बसलेली नटी हात हलवत यायची.

नव्वदच्या दशकात गळती सुरू झाली. मारियान जाँ-बॅप्टिस्ट यांना 'सीक्रेट्स अँड लाइज' या चित्रपटासाठी ऑस्कर नामांकन मिळालं, पण घरी काम मिळेना; त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या मालिकांत स्थिरावल्या. इद्रिस एल्बा लंडनच्या हॅकनीचे, मोठे झाले ते अमेरिकन 'द वायर'मधून. २०१० च्या 'लूथर'साठी बीबीसीनं त्यांना परत आणलं तेव्हा ते जगाचे झाले होते. डेव्हिड ओयेलोवो, डेव्हिड हेअरवुड, सगळ्यांची वाट तीच. एक कारण उघड आहे: ब्रिटिश टीव्हीचा जीव ऐतिहासिक पोशाखी नाटकांवर, आणि त्यात यांना जागा नाही असं गृहीत धरलेलं. २००१ मध्ये बीबीसीचे डायरेक्टर जनरल ग्रेग डाइक स्वतः म्हणाले की आमची संस्था किळस यावी इतकी गोरी आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी 'लिटल ब्रिटन' टीव्हीवर आलं आणि त्यात तोंडाला काळं फासून केलेल्या नकला पुन्हा होत्याच. ती मालिका बीबीसीच्या आयप्लेअरवरून हटवली गेली जून २०२० मध्ये. मिन्स्ट्रेल बंद होऊन तेव्हा चार दशकं उलटली होती.

२०१४ मध्ये लेनी हेन्री बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-टीव्ही अकादमीच्या व्यासपीठावर आकडे घेऊन उभे राहिले. ब्रिटनच्या सर्जनशील उद्योगांत कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर वांशिक अल्पसंख्याकांचं प्रमाण २००६ मध्ये ७.४ टक्के होतं, ते २०१२ मध्ये ५.४ टक्क्यांवर आलं. पडद्यावर चेहरे वाढताना दिसत होते त्याच वर्षांत मागची माणसं कमी झाली. त्यांची मागणी उपदेशाची नव्हती, राखीव निधीची होती. लंडनबाहेरच्या निर्मितीसाठी जसा पैसा बाजूला काढला तसा यासाठी काढा. मला ती मागणी आजही शंभर टक्के बरोबर वाटते.

तुम्ही ज्या दहा वर्षांबद्दल विचारताय त्यांत माझ्या मते सगळ्यात मोठी घटना म्हणजे मिकेला कोल यांचा नकार. घानाहून आलेल्या कुटुंबातली लंडनची मुलगी. स्वतःच्या एकपात्री नाटकावरून तिनं 'च्युइंग गम' (२०१५) लिहिलं, त्यात काम केलं. पुढच्या मालिकेसाठी नेटफ्लिक्सनं दहा लाख डॉलर देऊ केले, पण कॉपीराइटचा थोडासाही वाटा द्यायला ते तयार नव्हते. तिनं पैसे नाकारले. बीबीसीनं हक्क आणि निर्णयाचं स्वातंत्र्य दिलं, आणि २०२० मध्ये 'आय मे डिस्ट्रॉय यू' आली. तीच लेखिका, तीच नायिका, सहदिग्दर्शनही तिचंच. पुढच्या वर्षी तिला लेखनाचा एमी मिळाला. म्हणजे तुमच्या ओटीटीच्या प्रश्नाला इथे उलटं उत्तर मिळतं. पैसा ओटीटीकडे होता, अधिकार दिला तो जुन्या सार्वजनिक वाहिनीनं. उलट बाजूही आहे: 'टॉप बॉय' चॅनल फोरनं दोन पर्वांत थांबवली आणि नेटफ्लिक्सनं २०१९ मध्ये तिला नवं आयुष्य दिलं. तेव्हा तंत्रज्ञानाला श्रेय देऊ नका, करारातली कलमं वाचा.

२०२० च्याच अखेरीस बीबीसी वनवर स्टीव्ह मॅक्वीन यांचे 'स्मॉल ॲक्स' हे पाच चित्रपट आले. त्यातला 'मॅन्ग्रोव्ह' लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या फ्रँक क्रिचलो यांच्या खानावळीवरच्या पोलिसी धाडींचा आणि त्यानंतरच्या नऊ जणांवरच्या खटल्याचा. पाचही चित्रपटांचा कॅमेरा अँटिग्वाच्या शाबिएर कर्चनर यांचा. 'लव्हर्स रॉक'मधला घरगुती नाचाचा प्रसंग बघा: अंधारी खोली, पिवळट दिवा, घामानं चमकणारे गाल आणि मनगटं, आणि एकही चेहरा हरवलेला नाही. वर मी जे सांगत होतो ते सगळं तिथे आहे. बाफ्टानं त्या मालिकेला छायाचित्रणाचा आणि मेकअप-केशरचनेचाही पुरस्कार दिला, याचा मला मनापासून आनंद झाला.

'ब्रिजर्टन'सारख्या मालिकांत दरबारी पोशाखात कृष्णवर्णीय नट दिसतात, किंवा २०२१ मध्ये चॅनल फाइव्हवर जोडी टर्नर-स्मिथ ही कृष्णवर्णीय नटी आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलिन झाली, यावर वाद चालू आहे. इतिहासाचा विपर्यास होतो अशी तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आठव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय तुतारीवाला होता आणि १५११ च्या चित्रगुंडाळीवर त्याची आकृती आजही आहे. टीव्हीनं दशकानुदशकं जो पूर्ण गोरा भूतकाळ दाखवला, तोही विपर्यासच होता. अर्थात नटाचा वर्ण बदलून गोष्ट तीच ठेवणं हे अर्धंच काम. नटांना रोजगार मिळतो, आणि ते मोलाचं आहे. पण ब्रिस्टलच्या किंवा लिव्हरपूलच्या कृष्णवर्णीय माणसाची अठराव्या शतकातली स्वतःची गोष्ट त्यामुळे लिहिली जात नाही. ती लिहिणाऱ्याला पैसे द्यावे लागतात.

तर बदल मनापासूनचा आहे का? काही ठिकाणी आहे, आणि तो ओळखायची खूण सोपी आहे. पोस्टर बघू नका. शेवटची नामावली थांबवून वाचा: लेखक, कार्यकारी निर्माता, स्क्रिप्ट एडिटर, लायटिंग, मेकअप. मग मालिकेला दुसरं-तिसरं पर्व मिळालं का ते बघा. प्रबंधासाठी माझा सल्ला असा की रुडॉल्फ वॉकर यांची कारकीर्द घ्या. १९६५ च्या 'फेबल'मध्ये ते आहेत, 'लव्ह दाय नेबर'मध्ये आहेत, 'एम्पायर रोड'मध्ये आहेत, नव्वदच्या दशकात रोवन ॲटकिन्सनबरोबर 'द थिन ब्लू लाइन'मध्ये आहेत, आणि २००१ पासून 'ईस्टएंडर्स'मध्ये पॅट्रिक ट्रूमन म्हणून. एकाच नटाला प्रत्येक दशकानं काय बोलायला दिलं, ते संवाद शेजारी शेजारी मांडा. २४ फेब्रुवारी २००९ चा 'ईस्टएंडर्स'चा भाग नक्की मिळवा. तो पूर्णपणे कृष्णवर्णीय कलाकारांचा आहे आणि त्यात पॅट्रिक १९५८ च्या नॉटिंग हिल दंगलीबद्दल बोलतो. प्रत्येक भाग एकदा आवाज बंद करून बघा आणि चेहऱ्यांवरचा उजेड तेवढा टिपून ठेवा. दुसऱ्यांदा संवादांसाठी बघा. दोन्ही नोंदी झाल्या की मला पाठवा, मी वाचून कळवतो.